२०० हेक्टोपास्कलवरून

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मीच तुझ्या हातात देणार आहे, तेव्हा असं लिहीत बसणं म्हणजे तसा वेडेपणाच. पण झोप येत नाही, सिनेमात मन लागत नाही, आणि समोर आल्यावर मी यातलं काही बोलणार नाही, हे तुलाही माहीत आहे. समोर आल्यावर मी विचारीन, जेवलीस का.

सिंगापूर सोडून चार तास होत आले. ते गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम दीडशे किलोमीटर, त्यामुळे विमान पुरतं वर चढायच्या आतच आम्ही दक्षिण गोलार्धात शिरलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. कॅप्टन काही बोलला नाही, हवाईसुंदरी पाण्याच्या बाटल्या वाटत होत्या. मला राहवलं नाही, शेजारच्या पंजाबी आजींना सांगितलं, आत्ता विषुववृत्त ओलांडलं. त्यांनी लगेच हात जोडून नमस्कार केला. मग मीही केला. त्यांचा मुलगा न्यूझीलंडमध्येच, टे पुकेला किवीफळांच्या बागेत असतो आणि त्यांची ही कितवी तरी फेरी आहे, त्यामुळे माझ्या पट्ट्यापासून ब्लँकेटपर्यंत सगळी व्यवस्था त्याच बघतायत.

समोरच्या पडद्यावर उंची दिसते आहे ३९,००० फूट आणि बाहेरचं तापमान उणे ५३. हा आकडा पाहिला आणि मला हसूच आलं. म्हणजे २०० हेक्टोपास्कल! जमिनीवरच्या हवेच्या पाचवा हिस्सा दाब. पुण्यात हवामान खात्याच्या सिमला ऑफिसच्या त्या उंच छताच्या खोलीत बसून याच पातळीचे नकाशे आम्ही भरायचो. पहाटे आणि संध्याकाळी ठिकठिकाणचे फुगे वर जायचे, त्यांचे आकडे तारायंत्रावर यायचे, ते एकेका ठाण्यावर बारीक अक्षरात मांडायचे आणि मग पेन्सिलीने वाऱ्याच्या रेघा ओढायच्या. या थराशी माझी इतकी घसट, पण इथे मी कधी येईन असं स्वप्नातही नव्हतं. आणि आले तर काय, तर खिडकीपाशी मान आखडून बसले आहे आणि पाय सुजलेत. केबिनमधला दाबही सहा-सात हजार फुटांवरचा ठेवलेला असतो, म्हणजे नाही म्हटलं तरी कळसूबाईच्या वरच. बाबांनी दिलेली चिवड्याची पुडी फुगून उशीएवढी झाली आहे.

बाबांची काळजी करू नकोस. आपल्या घरच्या आजींना सोडून त्यांना निघता येणारच नव्हतं. दूधवाला, पोळ्यावाल्या मावशी, आजींच्या गोळ्या, सगळं फ्रिजवर लिहून चिकटवून आले आहे.

मघाशी नकाशावर ऑस्ट्रेलियातलं डार्विन हे नाव आलं आणि छातीत धस्स झालं. खाली पाहिलं, तर मिट्ट काळोख. तुला आठवतं ना, तू शाळेत असताना मे महिन्यात मी घरी येऊन म्हणायचे, डार्विनचा दाब चढलाय, आणि तू विचारायचीस, त्यांना गोळी दिली का? गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये आपल्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १८९९ च्या दुष्काळाच्या झळा तेव्हा ताज्या होत्या, आणि पाऊस आधी सांगता येईल का, या एका ध्यासाने त्याने जगभरचे आकडे जमवले. संगणक नव्हते, सगळी आकडेमोड आपल्या कारकुनांनी हाताने केली. त्यातून निघालं ते हे, की डार्विनकडे दाब चढला की पॅसिफिकच्या पलीकडच्या अंगाला उतरतो, आणि अशा वर्षी आपल्या पावसाची धडगत नसते. त्या कारकुनांची नावं कुठे फारशी लिहिलेली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. असो. सांगायचं ते एवढंच, की डार्विन माझ्यासाठी कायम एक आकडा होतं. तिथे माणसं राहतात, रात्री झोपतात, हे मला आत्ता, इतक्या वरून जाताना पहिल्यांदा सुचलं.

तुझ्या गावाचंही तसंच झालं होतं, मुक्ता. तू वेलिंग्टनला गेलीस त्या दिवसापासून चहाच्या आधी मी तिथल्या केलबर्नच्या हवामान ठाण्याची नोंद उघडते. वारा किती, झोत किती, दिशा कुठली. दक्षिणेचा असला की मला कळतं, आज तुझी हाडं गोठणार, कारण तुमच्याकडे दक्षिण म्हणजे अंटार्क्टिका. झोत ताशी शंभरच्या वर गेले की मला कळायचं, लाकडी घर रात्रभर कुरकुरलं असणार आणि तुला झोप नसणार. मग मी फोन करायची आणि भाजी काय केलीस ते विचारायची. तू म्हणायचीस, आई, तू हवामानाशिवाय दुसरं काही विचारतच नाहीस. अगं, तेच तर विचारत होते.

पण आकडे पाठ असणं वेगळं. तुझ्या घरात चहाची पावडर कुठल्या डब्यात असते, ते मला ठाऊक नाही. नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं, रस्ता ओलांडताना बटण दाबायचं म्हणतात ते कुठलं, काहीच नाही. सिंगापूरला दोन टर्मिनलांमधल्या त्या गाडीत उभी होते, दार मिटलं, आणि आपण आता कुणाच्या तरी आधाराने चालणाऱ्या बाई झालो, असं वाटून गेलं. विमानाची भीती नाही वाटत. त्याची भीती वाटते.

हवासुद्धा उलटी. पाठीवर वारा घेऊन उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला, हे मी नव्या पोरांना शिकवत आले, तुमच्याकडे तो उजव्या हाताला. ऊन उत्तरेच्या खिडकीतून येणार. आणि पुण्यात आत्ता जो आषाढातला पाऊस कोसळतोय, तो आणणारे वारे याच गोलार्धातून निघून आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून वळतात. ते तिकडे, मी इकडे.

खिडकीतून त्रिशंकू दिसतो आहे, मे महिन्यात पुण्याहून दिसतो त्यापेक्षा बराच वर. त्यावरून काही बोलत नाही, तुला सुचलंच असेल. तू म्हणाली होतीस की पहाटे कृत्तिका उगवू लागल्या की तिथल्या माओरी लोकांचं नवं वर्ष, मातारिकी, आणि २०२२ पासून त्याची सुट्टीही असते. पण त्या दिसतील डावीकडच्या लोकांना, आणि ते सगळे घोरतायत.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर आल्यापासून विमान चांगलंच हलतं आहे. पश्चिमेच्या जेट प्रवाहात शिरलो असणार, कारण वेग हजाराच्या पुढे गेलाय. आजी जपजी म्हणतायत. मी त्यांना सांगितलं, हा वारा मागून ढकलतोय, आपल्याला लवकर पोचवतोय.

सामानाचं म्हणशील तर डिंकाचे लाडू आणले नाहीत. तू बजावलंस, शिवाय चारशे डॉलरचा दंड ऐकून बाबाच घाबरले. हळीवही राहिले. फॉर्मवर चिवडा लिहिला आहे, ठेवतील तर ठेवतील. बाकी सगळे कपडे आहेत: झबली, लंगोट, दोन कुंच्या, आणि आजींच्या जुन्या लुगड्यांची दुपटी, धुऊन धुऊन मऊ झालेली. धुरी-शेगडीचा हट्ट धरणार नाही, धुराचा अलार्म वाजेल म्हणालीस. तुझं सगळं मिडवाइफच बघते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनातून धास्तावले होते. पण व्हिडिओवर ती तुझ्याशी बोलताना पाहिली. तिला घाई नव्हती. मला तेवढं पुरलं.

आता तीन गोष्टी मागते. पहिल्या दिवसापासून मला काम दे, आणि मी चुकीच्या डब्यात चुकीची डाळ घातली तर हसून सोडून दे. दुसरं, रात्री बाळ रडलं की मला उठव. तू तिकडे एकटी जागते आहेस आणि मी भिंतीपलीकडे झोपले आहे, असं नको. आणि तिसरं, तू बाळंत होण्याआधी एक दिवस मला त्या लाल केबल कारने एकटीला केलबर्नला जाऊ दे. अमेयला सोबत पाठवू नकोस. तिकीट कसं काढायचं ते मी माणसांना विचारीन, माझ्या इंग्रजीत. वर जाऊन तो वारा स्वतः अंगावर घ्यायचा आहे.

ऑकलंडला उतरल्यावर देशांतर्गत टर्मिनलकडे जाताना हिरव्या रेघेवरून चालायचं, हे लक्षात आहे. विमानतळावर तू येऊ नकोस, या दिवसांत उगाच दगदग नको.

नाश्ता आला. आजी म्हणतायत, पहिले खा लो.

तुझी,
आई