डॉक्टर, त्या वळवलेल्या खुर्चीबद्दल

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठं छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून हे पत्र बिननावाचं. उघड लिहितोय ते मात्र मुद्दाम. स्टेजच्या भीतीवर तुम्ही संमोहनाचे उपचार केलेत त्या आमच्या गायिकेनं परवाच्या प्रयोगात प्रवेशाचं पद सुरात आणि लयीत, शेवटच्या तानेपर्यंत म्हटलं. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना दुसरी आवडली, ठीक आहे. पण ऑर्गनचं झाकण लावता लावता आमचे दादा म्हणाले, "आज पहिल्यांदा मला तिच्यामागं पळावं लागलं नाही." दादांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय, हे साथीला बसणाऱ्या कुणालाही विचारा.

तिचा गळा तालमीत सगळ्यांनी ऐकलेला. रंगीत तालमीपर्यंत झकास, आणि प्रयोगाला तिसरी घंटा झाली की सगळं पाण्यात. हात बर्फासारखे, तोंड कोरडं, श्वास छातीच्या वरच्या वर. श्वास असा वर अडकला की गळ्याभोवतीचे स्नायू आवळतात, पहिला 'आ' थरथरतो आणि सूर किंचित चढा लागतो. चढा लागलाय हे गाणाऱ्याला लगेच कळतं, त्यानं धडधड आणखी वाढते, मग लय पळते. चार मिनिटांचं पद सव्वातीन मिनिटांत उरकतं. अंतऱ्याचे शब्द हरवतात ते या पळापळीत. लोक म्हणतात पाठांतर कच्चं. पाठांतर पक्कंच होतं.

तुमच्याकडे येण्याआधी ती जिथं जिथं गेली त्यांच्याबद्दल थोडं बोलतो, राग आतल्या आत ठेवण्यात अर्थ नाही. एकांनी दोन मिनिटांत गोळी लिहून दिली. प्रोप्रॅनोलॉल हे काही वाईट औषध नव्हे. जगभरातले वादक ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं १० ते ४० मिलिग्रॅमच्या मात्रेत कार्यक्रमाआधी तासभर घेतात आणि धडधड, हाताची थरथर खरोखर कमी होते. पण दमेकऱ्याला ते देत नाहीत, श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो. या पोरीला लहानपणापासून दमा. विचारलंच नाही कुणी! औषधाच्या दुकानातल्या माणसानं तिच्या पर्समधला पंप पाहिला आणि "ताई, आधी डॉक्टरांना दम्याचं सांगून या" म्हणून चिठ्ठी परत दिली. त्या माणसाचेही इथंच आभार मानून घेतो.

दुसरे शनिवार-रविवारच्या शिबिरातले संमोहनवाले. स्टेजची भीती घालवायला त्यांनी तिला भरल्या सभागृहात स्टेजवरच बोलावलं, डोळे मिटायला लावले, "मागं पड" म्हणाले, आणि ती पडल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. फी आगाऊ घेतली होती, हे सांगायला नकोच. तिसऱ्या बाई तिला मागच्या जन्मात घेऊन गेल्या. तिथं म्हणे भर दरबारात तिचा अपमान झाला होता. संमोहनात माणूस सुचवलेलं चित्र खऱ्या आठवणीसारखं रंगवतो, आणि एकदा ते आठवण म्हणून बसलं की खोडून काढणं महाकठीण. या धंद्यात असणाऱ्याला एवढं ठाऊक नसेल तर त्यानं दुसरा धंदा बघावा. तोवर पोरगी फक्त प्रेक्षकांना घाबरत होती, त्यानंतर नाटकातल्या दरबाराच्या प्रवेशालाही घाबरायला लागली.

आणि मग तुमची ती खोली. सोबत आलेल्या आमच्या ताईंना तुम्ही आतच बसवून घेतलंत, दाराला कडी लावली नाहीत. तिला खुर्ची दिलीत. स्वतःची खुर्ची उचललीत, तिच्या बाजूला नेलीत आणि खिडकीकडं तोंड करून बसलात. म्हणालात, "मी बाहेरचं आंब्याचं झाड बघत बसतो. तू डोळे मीट, नाहीतर उघडे ठेव. मला कान आहेत, तेवढ्यावर भागतं."

डॉक्टर, आमचे खरे आभार या खुर्चीचे आहेत. तिची भीती नजरेची. ती डोळे मिटून बसणार आणि समोरचा टक लावून पाहणार, म्हणजे तिच्या दृष्टीनं प्रयोगच की तो. आधीच्या सगळ्यांनी नेमकं हेच केलं होतं. पापण्यांची हालचाल, श्वासाची गती, चेहऱ्याचा सैलपणा हे समोरून पाहणं तुमच्या कामाला लागतं, हे आम्ही जाणतो. ती सोय तुम्ही सोडून दिलीत आणि त्याऐवजी टकटक ठरवलीत: भीती वाढली की उजव्या तर्जनीनं खुर्चीच्या दांड्यावर एक टकटक, ओसरली की दोन. पुढं एका बैठकीत तिनंच सांगितलं, "आता इकडं बघितलं तरी चालंल." तुम्ही खुर्ची अर्धीच वळवलीत. पूर्ण वळवायची घाई केली नाहीत.

तुमचं काम जवळून पाहिल्यावर नाटक बसवणारे म्हणून आम्हाला ते फार ओळखीचं वाटलं. पहिल्या दिवशी संमोहन नाहीच. दमा, थायरॉइड, फिट्स, झोप, चहा किती, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, कधी नसलेले आवाज ऐकू येतात का, सगळं विचारलंत. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आली असती तर हे काम करणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवीन, हेही आधीच सांगितलंत. मग शून्य ते शंभर असा भीतीचा आकडा मागितलात. घरचा रियाज ५, गाणं शिकवणाऱ्या बाईंसमोर २०, ऑर्गन-तबल्यासोबत ३५, रंगीत तालीम ६०, विंगेत तिसऱ्या घंटेला ९५, पहिला स्वर ९०, आणि तालाचं पहिलं आवर्तन संपून सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, आली की ५०. हे आकडे कागदावर उतरले तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही सगळे पदाला धरून बसलो होतो, भीतीचा डोंगर तर पदाच्या आधी होता. काम विंगेतल्या त्या दोन-तीन मिनिटांवर करायचं होतं.

किती माणसं किती खोलवर संमोहित होतात याच्या गप्पा तुम्ही मारल्या नाहीत. साधारण दहातला एखादा फार सहज जातो, तेवढाच एखादा जातच नाही, बाकीचे मध्ये. ती मधलीच निघाली, आणि मधलं या कामाला पुरतं म्हणालात. नजरेच्या रेषेपेक्षा थोडं वर, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडं बघायचं, मिनिटा-दोन मिनिटांत पापण्या शिणतात. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मग दहापासून एकपर्यंत उलटी गणती. ही झोप नव्हे, रस्त्यावरचे रिक्षावाल्यांचे हॉर्न तिला सगळे ऐकू येत होते. एकदा खरंच डुलकी लागली तर तुम्ही उठवलंत आणि म्हणालात, झोपेत सूचना शिरत नाहीत, आजची बैठक वाया.

नंतर ती आकड्यांची शिडी, कल्पनेत. विसाच्या पायरीपासून सुरुवात. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं, भीतीची एक टकटक झाली की एक पायरी खाली. उत्साहाच्या भरात थेट विंगेत उभं केलं तर भीतीचीच तालीम पक्की होते, हे तुमचं वाक्य आम्ही तालमीच्या खोलीत खडूनं लिहून ठेवलंय.

सूचनांची भाषा तर शिकण्यासारखी. "भीती वाटणार नाही" असं एकदाही म्हणाला नाहीत. घरचे, दारचे, गुरुजन, सगळे तिला हेच सांगत आले होते. त्यात गोम अशी, की प्रयोगाला भीतीची नुसती लहर आली तरी सगळी सूचना खोटी पडते आणि माणूस आणखी कोसळतो. तुमचं वाक्य असायचं: "छाती धडधडेल. धडधडू दे. तिसरी घंटा वाजेल आणि खांदे खाली उतरतील. श्वास लांब बाहेर जाईल. ऑर्गनचा सा कानावर पडेल आणि जबडा सैल होईल."

खूण म्हणून घंटा आणि सा निवडलात, ही खरी हुशारी. अंगठा आणि बोट जुळवायची खूण सगळेच शिकवतात. आमच्या प्रवेशात तिच्या एका हातात पूजेचं तबक, दुसऱ्या हातात पदर. बोटं जुळवणार कशी? घंटा आणि सा न चुकता, न मागता येतातच. पण खूण नुसती खुर्चीत पेरून भागत नाही, जाग्या माणसाच्या अंगातही बसावी लागते, म्हणून त्या नाट्यगृहाच्या घंटेचं ध्वनिमुद्रण मागवलंत आणि प्रत्येक तालमीआधी वाजवायला लावलंत. घंटा, लांब श्वास, सा, मग पद. हा क्रम कधीही मोडायचा नाही.

मध्ये एक गंमतही झाली. ती इतकी निवांत झाली, की तालमीत सूर खाली बसायला लागला आणि ताना गळपटल्या. दादा वैतागले. तुम्ही हसलात. थोडी धडधड गाण्याला हवीच असते, ती पुरती काढली की गाणं झोपतं, म्हणालात. मग बैठकीचा शेवट बदललात: एक ते पाच मोजत वर यायचं, पाचला डोळे उघडून हात ताणायचे, आणि "अंग हलकं, आवाज तयार" एवढंच. घरी रोज बारा मिनिटं, सकाळी रियाजाआधी, बसून. आडवं झालं की झोप लागते. तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग स्कूटरवर कानात घालून ऐकायचं नाही, हे तर तुम्ही रागावून सांगितलंत. प्रयोगाच्या दिवशी मेकअपला बसण्याआधी एकदा, मग विंगेत फक्त तीन लांब श्वास. चहा दोन तास आधी बंद, कोमट पाण्याचे घोट, गार हातांसाठी गरम पाण्याचा पेला धरून बसायचं. अंतरा मात्र स्वतः पक्का करायचा, कुठल्याही ओळीपासून उचलता येईल इतका. जे पाठच नाही ते संमोहनानं आठवत नसतं.

एक योगायोग तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकानं १८४१ मध्ये एका फिरत्या माणसाचे स्टेजवरचे मोहिनीचे प्रयोग पाहिले, यात खरं किती नि थोतांड किती हे तपासायला घेतलं, आणि १८४३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ठिपक्याकडं बघायची तुमची पद्धत मुळात त्याचीच. त्याच १८४३ मध्ये आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. तुमचं शास्त्र आणि आमची रंगभूमी एकाच वयाची.

आणि आभारांचं म्हणाल तर रशियाच्या राखमानिनॉफ या संगीतकाराची बरोबरी आम्हाला जमणार नाही. १८९७ मध्ये त्याची पहिली सिंफनी सेंट पीटर्सबर्गला आपटली आणि त्याचं संगीत लिहिणंच आटलं. १९०० साली मॉस्कोत डॉक्टर निकोलाय डाल यांनी त्याच्यावर संमोहनाचे उपचार केले. त्यात संमोहन किती आणि नुसत्या गप्पा किती, देव जाणे. डाल स्वतः हौशी वादक होते, तेव्हा गप्पा रंगल्या असणार. पुढं दुसरा पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, पुरा झाला तो त्यानं डालना अर्पण केला. लोक हा किस्सा स्टेजच्या भीतीचा म्हणून सांगतात. त्याची अडचण लिहिण्याची होती, वाजवण्याची नव्हे. आमच्याकडं अर्पण करायला कन्चेर्टो नाही, म्हणून पत्र.

सज्जन माणूस ओळखायचा कसा, यावर मंडळात परवा बराच वेळ वाद झाला. एकानं म्हटलं, जो फी आधी सांगतो तो. दुसरा म्हणाला, जो "हे माझ्याच्यानं होणार नाही" म्हणू शकतो तो. तुम्ही दोन्ही केलंत, शिवाय ठरल्यापेक्षा आधीच "आता बास, तू तुझी तू कर" म्हणून बैठका थांबवल्यात. पैसे येत असताना थांबणारा माणूस आम्ही नाटकधंद्यात तरी पाहिलेला नाही. चिठ्ठी परत देणारा तो दुकानदार, तिच्या प्रवेशाआधी विंगेत न सांगता पाण्याचा पेला ठेवणारे पडदेवाले मामा, आणि तुम्ही. यांतल्या एकानंही "घाबरू नकोस" म्हटलेलं नाही.

जाता जाता एक काम आहे. आमच्या तबलजींचा हात अलीकडं थरथरतो, प्रयोगालाच नव्हे, घरी चहाचा कप धरतानाही. वजनही उतरलंय. "मलाही डॉक्टरांच्या खुर्चीत बसवा" म्हणून मागं लागलेत. तुम्ही आधी काय विचाराल ते आता पाठ झालंय, म्हणून त्यांना रक्ताच्या थायरॉइड तपासणीला धाडलंय. रिपोर्ट गुरुवारी मिळेल, मग फोन करतो.

आपले नम्र,
संगीत नाटक बसवणारी हौशी मंडळी, सांगली