ड्रायव्हरने झोपायचं कुठे?

संपादक साहेब, नमस्कार,

मी गेली १४ वर्षं पुण्यातून टुरिस्ट गाडी चालवतोय. सुट्ट्या लागल्या की कोकण, महाबळेश्वर, शिर्डी चालूच असतं. पार्टी हॉटेलात चेक-इन करते आणि आम्ही पार्किंगमध्ये सीट मागे पाडून गाडीतच झोपतो, महिन्यातल्या दहा-बारा रात्री तरी अशाच जातात.

गाडीत झोपणं म्हणजे काय ते सांगतो. काच बंद केली तर गुदमरतं, उघडली तर डास. एसी लावावा तर मालक डिझेलचा हिशोब मागतो, आणि बंद गाडीत रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं, सायलेन्सरचा कार्बन मोनॉक्साईड आत आला तर त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. हे नवीन पोरांना कोणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. संडासला सकाळी पेट्रोल पंप शोधायचा, कारण हॉटेलचा वॉचमन आत सोडत नाही.

मागच्या मे महिन्यात गणपतीपुळ्याला होतो, उकाडा एवढा की शर्ट पिळून काढावा, रात्रभरात दोन तास झोप झाली असेल नसेल. सकाळी सहाला निघालो, आंबा घाट नीट चढलो कारण वळणं माणसाला जागं ठेवतात, पण मलकापूरच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि डोळा लागला. डावं चाक डांबर सोडून खडीत गेलं त्या आवाजाने जाग आली. मागे सहा माणसं झोपलेली, त्यात एक चार वर्षांची मुलगी आजीच्या मांडीवर. त्यांना कळलंसुद्धा नाही. मी गाडी बाजूला घेऊन तोंड धुतलं पण हात थरथरायचे थांबत नव्हते, आजही तो रस्ता आला की ती मुलगी डोळ्यासमोर येते.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात ड्युटी दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी लिहिलेली होती. ठीक आहे, पण ड्युटी संपल्यावर पाठ टेकायची कुठे? तमिळनाडूने २०२३ मध्ये बांधकामाच्या नियमातच घातलं की हॉटेल-लॉजने ड्रायव्हरसाठी झोपायची सोय करायची. मग आपल्याकडे का नाही? एसी रूम नकोय हो आम्हाला, एक पंखा, एक गादी आणि संडास-बाथरूम, बस. आमच्या भत्त्यातून शंभर-दोनशे घेतले तरी चालतील.

आणि प्रवाशांनाही विनंती आहे, रूम बुक करताना ब्रेकफास्ट आहे का, स्विमिंग पूल आहे का विचारता, तसंच ड्रायव्हरची झोपायची सोय आहे का तेही फोनवर विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की हॉटेलवाले एक खोली काढतील.

– एक टुरिस्ट ड्रायव्हर, पुणे