‘इथंच तर जायचंय’ म्हणून काढलेली गाडी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी शाळेच्या वेळेला आमची चारचाकी सुरूच झाली नाही. यजमान बाहेरगावी होते आणि माझी स्कूटर सर्व्हिसिंगला गेलेली. महिन्याभरापूर्वीच गावाहून कायमचे आमच्याकडे राहायला आलेले सासरे म्हणाले, “एवढं काय त्यात? मी नेतो त्याला चालत.” आणि आजोबा-नातू निघाले. मुलगा तेव्हा तिसरीत होता. शाळेचं त्याचं चौथं वर्ष. दहा मिनिटांनी सासऱ्यांचा फोन आला. पहिल्याच चौकात ते थांबले होते. “कुठं वळायचं म्हणून विचारलं, तर त्याला सांगता येत नाहीये.”

फोनवर मी रस्ता सांगितला, मुलगा वेळेत शाळेत पोचलाही. पण दिवसभर ते माझ्या मनातून जाईना. चौथ्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला घरापासून शाळेचा रस्ता माहीत नव्हता आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. आम्ही त्याला रोज गाडीच्या मागच्या सीटवर बसवून नेलं होतं, तेही वेगळ्याच वाटेनं. आमच्याकडे कोथरूडमध्ये दुभाजक आणि एकेरी वाहतूक यांमुळे गाडीला वळसा पडतो. शाळा चालत ६५० मीटरवर आहे. गाडीनं ते अंतर १ किलोमीटर ३०० मीटर होतं. हे मी त्याच संध्याकाळी फोनवर मोजलं. इतकी वर्षं मोजावंसंही वाटलं नव्हतं.

मग आठवडाभर वेळ लिहून ठेवली. लिफ्टनं तळघरात जाणं, पुढे लावलेली शेजाऱ्यांची गाडी काढायला लावणं, आपली बाहेर आणणं, वळसा, शाळेजवळची रांग, थांबायला जागा शोधणं आणि मुलाला फाटकापर्यंत पोचवणं, हे सगळं धरून सरासरी पंधरा मिनिटं लागत होती. चालत पहिल्या आठवड्यात चौदा लागली, आता अकरा लागतात. “सकाळी चालायला वेळ कुठे आहे?” हे वाक्य आमच्या घरात मीच सगळ्यात जास्त वेळा बोलले असेन. ते खरं नव्हतं.

शाळा हे एक झालं. दळण टाकायला गिरणीवर जाताना, कोथिंबीर आणताना, मुलीला बालवाडीतून आणताना, संध्याकाळी बागेत जाताना, चतुर्थीला गणपतीच्या देवळात जातानाही गाडीच निघते. यातलं एकही ठिकाण आमच्यापासून किलोमीटरभरसुद्धा लांब नाही. प्रत्येक वेळी तोंडात एकच वाक्य असतं, “इथंच तर जायचंय.” खरं तर जवळ जायचं असेल तर पाय उचलावेत. पण आपण किल्ली उचलतो आणि वर त्याच वाक्यानं हेल्मेट घरी ठेवतो. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर पाहा. स्कूटरवर पुढे एक मूल उभं, मागे एक आणि आई, हेल्मेट कुणालाच नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलासाठी हेल्मेटबरोबर सुरक्षा पट्टाही हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम आहे. चालकामागे एकाच माणसाला बसता येतं, हे तर जुनंच. हे नियम माहीत असलेली माणसंही ‘इथंच’ जाताना ते पाळत नाहीत. मीही पाळत नव्हते.

गाडी बंद का पडली होती, ते गॅरेजवाल्या दादांनी समजावून सांगितलं. बॅटरी संपली होती, अवघ्या दीड वर्षात. ते म्हणाले, “ताई, गाडी सुरू करताना बॅटरीतून जेवढं खर्च होतं, तेवढं परत भरायला गाडी पळायला लागते. तुमची पळतच नाही.” तेलाच्या झाकणाखाली जमलेला दुधासारखा थरही त्यांनी दाखवला. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद झालं की आतली वाफ बाहेर पडत नाही, तेलात मिसळते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिची मला जास्त काळजी वाटली. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे थंड गाडीची पहिली काही मिनिटं सगळ्यात घाणेरड्या धुराची. आमच्या फेरीत दुसरी मिनिटं नसतातच. धुराचे कडक ‘बीएस-सहा’ निकष पाळणारी गाडी घेतली म्हणून मी निर्धास्त होते आणि रोज सकाळी तोच पहिला धूर शाळेच्या फाटकाशी सोडत होते. तिथं रांगेत उभ्या असलेल्या मुलांची नाकं सायलेन्सरपासून फार उंचावर नसतात.

इतकं असूनही आपण मुलांना चालत का नेत नाही? लोक आळशी झाले, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आम्ही घाबरतो. त्या ६५० मीटरवर मी मुलाचा हात धरून चालले तेव्हा पदपथ अकरा ठिकाणी तुटलेला सापडला. सोसायटीच्या गाड्यांसाठी केलेला उतार, विजेचा डीपी, आडव्या लावलेल्या दुचाकी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, दुकानाची पाटी, फ्लेक्सचा बांबू. प्रत्येक ठिकाणी रस्त्यावर उतरायचं आणि पुन्हा चढायचं. एका जागी पदपथ इतका उंच की मुलगी दोन्ही हात टेकून चढते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, ते तर सरळ रस्त्याच्या कडेनंच चालतात आणि समोरून राँग साइडनं येणाऱ्या दुचाक्या त्यांना घासून जातात. अशा रस्त्यावर लेकराला एकटं सोडायचं कसं, हा आईचा प्रश्न रास्तच आहे.

पण शाळा सुटताना फाटकाबाहेर उभी राहिले, तेव्हा त्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. पाऊण तासात मी साठच्या वर चारचाकी मोजल्या, दुचाक्या मोजणं सोडून दिलं. दुहेरी, तिहेरी लावलेल्या गाड्यांच्या फटींतून चालत जाणारी पोरं बाहेर पडत होती. मागे घेणाऱ्या गाडीच्या काचेत ती दिसतही नसतील. ज्या गाड्यांच्या भीतीनं मी गाडी काढत होते, त्या गाड्यांमध्ये बसलेली माणसं माझ्यासारखीच होती. तीही याच भीतीनं निघालेली. चालत येणाऱ्या मुलांसाठी रस्ता धोक्याचा करणाऱ्या त्या साठांपैकी एक मी होते. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चालायला लागलो. पहिले चार दिवस कुरकुर झाली. “पाय दुखतात” हे आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकताना फार बरं वाटत नाही. लहान मुलांनी रोज किमान तासभर अंग हलवणारं काहीतरी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मुलाचा तो तास मैदानावर भरत नाही, कारण जवळ मैदानच नाही. शाळेचं जाणं-येणं त्यातला मोठा वाटा भरून काढतं आणि त्याला फी लागत नाही. दप्तराचा प्रश्न मात्र खरा निघाला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. माझा मुलगा २४ किलोचा, दप्तर भरलं चार किलो. वर्गशिक्षिकांशी बोलल्यावर दोन वह्या आणि एक जाड पुस्तक शाळेतच राहायला लागलं. गाडीनं नेत होते तेव्हा दप्तराचं ओझं मला कळलंच नव्हतं.

हळूहळू सोसायटीतली आणखी तीन घरं सोबत आली. आता दोन मोठी माणसं आणि नऊ मुलं अशी रांग सव्वासातला निघते. पाळी ठरलेली आहे, त्यामुळे मला आठवड्यातून दोनदाच जावं लागतं. माझी नणंद जपानमध्ये असते. तिथं प्राथमिक शाळेतली मुलं बऱ्याच ठिकाणी अशीच गटानं, मोठ्या मुलांच्या सोबतीनं चालत जातात आणि पहिलीतल्यांच्या डोक्यावर लांबून दिसणारी पिवळी टोपी असते, असं तिनं सांगितलं. आमच्याकडे टोप्या नाहीत. पण पुढे आणि मागे एकेक मोठं माणूस असलं की गाड्या थांबतात, हा आमचा अनुभव आहे. एकट्या मुलासाठी त्या थांबत नव्हत्या.

मुलाला आता रस्ता माहीत आहे. इस्त्रीवाल्या काकांचं दुकान किती वाजता उघडतं आणि फेब्रुवारीत पिवळ्याधमक फुलांनी भरलेला टाबुबिया कोणत्या वळणावर आहे, तेही त्याला माहीत आहे. ऑक्टोबरात बुचाची फुलं पडायला लागतील तेव्हा वेचू, म्हणून त्यानं झाड हेरून ठेवलंय. गाडीत “आज काय झालं शाळेत?” विचारलं की “काही नाही” हे उत्तर ठरलेलं असायचं. चालताना विचारावं लागत नाही. बाकावरचा मित्र डबा खायला सोबत बसत नाही, हे त्यानं मला पहिल्यांदा रस्ता ओलांडायला थांबलो असताना सांगितलं.

गाडी विकून टाका, असं मी म्हणत नाही. दहा किलोचं दळण मी स्कूटरवरच आणते. मुलीला ताप असला, रात्री उशीर झाला, सासऱ्यांचे गुडघे फारच धरले, की गाडी निघते आणि निघावी. जुलैत पाऊस आडवा झोडपतो तेव्हा छत्री, रेनकोट आणि दप्तर यांची तारांबळ होते, आम्हीही तीन-चार दिवस गाडीनं गेलो. पण रोजच्या सवयीला कुणीतरी एकदा विचारलं पाहिजे, की आज खरंच गाडी लागणार आहे का. आमच्या घरी आता किल्ली उचलण्याआधी हा प्रश्न मुलगाच विचारतो.

घरात जे करायचं ते आम्ही केलं. रस्त्याचं मात्र घरात बसून होत नाही. आपल्या शहरानं २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केलं, त्यात पायी चालणाऱ्याला अग्रक्रम आहे. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ पाहिले की हे जमू शकतं याची खात्री पटते. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. एका वर्षी आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. धाकटी माझा हात सोडून रस्त्याच्या मधोमध धावली आणि मी तिला ओरडले नाही, असं पुण्यात पहिल्यांदा घडलं. पदपथावरून सुरक्षित चालता येणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं. हे सगळं जंगली महाराज आणि लक्ष्मी रस्त्यांपुरतं, वर्षातल्या एका दिवसापुरतं का राहावं? शाळांभोवतीच्या गल्ल्यांत मोठा खर्च नको आहे. तुटलेला पदपथ सलग करा, त्याची उंची मुलाला चढता येईल एवढी ठेवा, डीपी भिंतीलगत सरकवा, ओलांडायच्या जागी रस्ताच थोडा उंच करा म्हणजे गाड्यांचा वेग आपोआप उतरेल.

आणि एक गोष्ट उद्यापासून करता येईल. शाळा भरताना आणि सुटताना वीस-वीस मिनिटं फाटकालगतच्या दीडदोनशे मीटरमध्ये पालकांच्या गाड्यांना मनाई करावी. स्कूल बस, रिक्षाकाकांच्या रिक्षा, तिथले रहिवासी आणि ज्या मुलांना चालणं शक्य नाही त्यांच्या गाड्या यांना अर्थातच मुभा हवी. लांबून येणाऱ्यांनी गाडी अलीकडे लावून शेवटचा टप्पा मुलाबरोबर चालावा. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळांच्या रस्त्यांवर अशी बंदी घालायला सुरुवात झाली, पुढे लंडननंही ते उचललं. आपल्याकडे गणपतीत दहा दिवस रस्ते बंद ठेवून सगळा गाव चालतो, तर शाळेसाठी वीस मिनिटं अवघड नसावीत.

येत्या सोमवारी आम्ही चार घरचे पालक मुख्याध्यापकांना हेच सांगायला भेटणार आहोत. सोबत त्या अकरा जागांचे फोटो आणि मोजमापं नेतोय. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या शाळेनं असं काही आधीच करून पाहिलं असेल, तर त्यांनी आपल्या या सदरात जरूर लिहावं. काय अडलं आणि कसं सुटलं, ते सोमवारपूर्वी समजलं तर आम्हाला फार उपयोग होईल.

आपली,
एक पालक, कोथरूड, पुणे