‘सायको’ची भीती केवळ सुऱ्यात नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या भयपटांविषयी आलेल्या लेखात दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) या चित्रपटाचा यथोचित गौरव झाला, याचा आनंद वाटला. मात्र लेखकाने चित्रपटाची सारी ताकद स्नानगृहातील खुनाच्या प्रसंगातच शोधली, हे पटले नाही, म्हणून हे पत्र.

तो प्रसंग संकलनाचा अप्रतिम नमुना आहे, याविषयी दुमत नाही. पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट चालणाऱ्या त्या हल्ल्याच्या चित्रीकरणाला आठवडाभर लागला होता. तेथे हिचकॉक यांना मुळात संगीतच नको होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर बांधलेला तुकडा ऐकवला, तेव्हा त्यांचे मत बदलले. पण हा प्रसंग आपल्याला दचकवतो. तो येणार याची सुतराम कल्पना नसल्यामुळे त्याची वाट पाहत आपण अस्वस्थ होत नाही. हा फरक खुद्द हिचकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन सांगितला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. तो तेथे आहे आणि केव्हा फुटणार, हे त्याला आधी कळले, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो.

‘सायको’च्या पहिल्या भागात हा बॉम्ब नायिका मेरियन क्रेनच्या पर्समध्ये आहे. मालकाने बँकेत भरण्यासाठी दिलेले चाळीस हजार डॉलर घेऊन ती गावाबाहेर निघते आणि चौकात गाडी थांबलेली असताना तोच मालक समोरून रस्ता ओलांडतो, ओळखीचे हसतो, दोन पावले गेल्यावर वळून पाहतो आणि त्याच्या कपाळावर आठी उमटते. एवढेच घडते, पण तेथून पुढे आपण तिच्या शेजारी बसून प्रवास करू लागतो. काळा चष्मा लावलेला पोलीस रस्त्याकडेला झोपलेल्या मेरियनला उठवतो, तेव्हा त्याचा चेहरा थेट आपल्या अंगावर आल्यासारखा दिसतो. तो तिला धमकावत नाही की तिच्यावर आरोप करत नाही. तरीही आपला घसा कोरडा पडतो, कारण पर्समध्ये काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

त्यानंतरची चाल मला सर्वांत धूर्त वाटते. मोटेलचा तरुण चालक नॉर्मन बेट्स याच्याशी पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत झालेल्या बोलण्यानंतर मेरियन परत जाऊन पैसे देण्याचे ठरवते, हिशेबाचा कागद फाडून टाकते आणि शॉवरखाली उभी राहते. आपल्या मनावरचे ओझे उतरते, आणि नेमक्या त्याच क्षणी सुरा येतो. आधीचा ताण इतक्या काळजीने सोडवला नसता, तर तो धक्का एवढा जबर बसलाच नसता. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, हा हिचकॉक यांचा आग्रह निव्वळ जाहिरातबाजी नव्हता. मेरियन साकारणारी जॅनेट लीसारखी प्रसिद्ध अभिनेत्री पाऊण तासाच्या आसपासच कथेतून नाहीशी होते. उशिरा आलेला प्रेक्षक शेवटपर्यंत तिचीच वाट पाहत बसला असता.

मात्र माझ्या मते चित्रपटाचा गाभा खुनाच्या नंतर आहे, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. नॉर्मन बराच वेळ एक शब्दही न बोलता ती खोली धुतो, पुसतो, सामान आवरतो. पैसे वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळलेले आहेत, हे आपल्याला माहीत असते, त्याला नसते. तो ती घडी शेवटच्या क्षणी उचलून गाडीच्या डिकीत भिरकावतो. मग गाडी दलदलीत ढकलली जाते, हळूहळू बुडू लागते आणि अर्ध्यावर अडते. नॉर्मन घाबरून इकडेतिकडे पाहतो, आणि आपणही मनातल्या मनात ‘बुड, बुड’ म्हणू लागतो. नुकत्याच मारल्या गेलेल्या स्त्रीसाठी हळहळणारा प्रेक्षक काही मिनिटांतच तिचा मृतदेह दडवणाऱ्याच्या बाजूला गेलेला असतो. नॉर्मन साकारणाऱ्या अँथनी पर्किन्स यांच्या बुजऱ्या, मुलासारख्या अभिनयाविना हे शक्य झाले नसते, असे मला ठामपणे वाटते. उत्कंठेसाठी भल्या माणसाचीच काळजी वाटावी लागते, हा समज येथे मोडीत निघतो.

पुढे खुनाची पुनरावृत्तीही वेगळ्या रीतीने येते. खासगी गुप्तहेर आर्बोगास्ट नॉर्मनच्या घरातला जिना चढत असताना वरच्या मजल्यावरचे दार किंचित उघडते आणि प्रकाशाची तिरीप जमिनीवर पडते. ती आपण पाहतो, तो पाहत नाही. मग कॅमेरा थेट छतापाशी जातो. हल्लेखोराचा चेहरा लपवला जात आहे, असा संशयही त्यामुळे येत नाही, आणि त्या दूरच्या दृश्यानंतर पडदा व्यापणारा आर्बोगास्टचा चेहरा अधिकच अंगावर येतो. मेरियनची बहीण लायला टेकडीवरच्या त्या घराकडे निघते, तेव्हा तर हिचकॉक यांना सुऱ्याचीही गरज उरत नाही. एकदा चालणारी लायला, एकदा जवळ येणारे घर, पुन्हा लायला, पुन्हा घर, एवढ्यावरच ते आपल्याला खुर्चीच्या कडेवर आणून बसवतात, कारण खाली कार्यालयात नॉर्मनला बोलण्यात गुंतवून ठेवणे मेरियनचा प्रियकर सॅम याला फार वेळ जमणार नाही, हे आपण ओळखून असतो.

शेवट येथे मुद्दाम सांगत नाही. आपल्या लेखात मात्र तो पहिल्याच परिच्छेदात उघड केला आहे. ज्या चित्रपटात कोणती गोष्ट प्रेक्षकाला केव्हा कळावी यालाच एवढे महत्त्व आहे, त्याविषयी लिहिताना ही काळजी घेणे आवश्यक होते. या लेखमालेतील पुढील लेखांत तरी ती घेतली जावी, अशी विनंती करतो.

आपला,
एक नियमित वाचक