चि. मुक्तास, अल्बम ऐकल्यावर

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

"बाबा, आधी अख्खा अल्बम ऐक, मग बोल," असं म्हणून तू फोन ठेवलास. ऐकला. तुझ्या लाडक्या मेटल बँडचा, मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक', दहाच्या दहा गाणी, सव्वा तास, तू इथे ठेवून गेलेल्या हेडफोनवर. आई मधेच डोकावली आणि माझा चेहरा बघून काही न बोलता गेली. तेव्हा आज फक्त संगीताबद्दल लिहितो. शुक्रवारच्या कार्यक्रमापासून तुझ्या कानात जी शीळ वाजते आहे, तिच्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. (थांबली का? एवढं मात्र कळव.)

रचना मला आवडल्या, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. 2003च्या 'सेंट अँगर' या त्यांच्या अल्बममध्ये गिटारचे सोलोच नव्हते म्हणून तू केवढी चिडायचीस! इथे 2008 मध्ये निर्माता रिक रुबिनने मेटॅलिकाला परत ऐंशीच्या दशकातल्या स्वतःकडे वळवलं, ते माझ्यासारख्या परक्यालाही कळतं. लांब लांब गाणी, एकाच गाण्यात चार-पाच वेळा बदलणारी चाल, आणि गिटारवाल्या कर्क हॅमेटला मनसोक्त वाजवायला मोकळीक. पहिलं गाणं हृदयाच्या ठोक्यांनी उघडतं, मग गिटार हलकेच येते आणि कळायच्या आत सगळे तुटून पडतात. मी सरसावून बसलो. 'सुइसाइड अँड रिडेम्प्शन'मध्ये गाणारा नाहीच, जवळजवळ दहा मिनिटं नुसतं वादन. तिथे मात्र पाल्हाळ झालाय. तिहाई घेऊन समेवर यायची वेळ तीनदा टळली, असं मला वाटलं.

'द डे दॅट नेव्हर कम्स' सगळ्यात सरस. सुरुवातीची गिटार किती स्वच्छ, किती एकटी. आणि नंतर आवाज चढत गेला तसा ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे एक बारीक करकर येऊ लागली. हेडफोन बदलून पाहिला, तरी तेच. मग तू शिकवलंस तसं गाणं कॉम्प्युटरवर उघडून त्याची लहर मोठी करून पाहिली. लहरींचे माथेच नाहीत गं! वरून आणि खालून सपाट कापलेले. सगळं एकसारखं मोठं ऐकू यावं म्हणून इतकं दाबलंय, की ठोक्याला वर उसळायला जागाच उरली नाही. गंमत म्हणजे मास्टरिंग करणारा, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवणारा टेड जेन्सन यानेच सांगितलं, की आपल्याकडे मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र बसवलेलं ध्वनिमुद्रण, आलं तेव्हाच ते असं चिरडलेलं होतं. 'गिटार हीरो' या खेळात हीच गाणी वेगळ्या मिक्समध्ये आली आणि ती सीडीपेक्षा मोकळी निघाली. हजारो चाहत्यांनी अर्जावर सह्या करून पुन्हा मिक्स मागितलं, ते मला पटलं. ठाय लयीत तबल्याचा बायाँ घुमला नसेल, तर द्रुत येऊनही अंगावर काटा येत नाही. तुझ्या आजोबांनी हे मला छडी मारून शिकवलं होतं.

पुढे 2015 मध्ये त्यांनी डिजिटल आवृत्ती कमी दाबून पुन्हा काढली. अल्बमचं असं करता येतं. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. कुठल्याच आवृत्तीत नाही.

आलोच शेवटी तिथे. आता लिहूनच टाकतो. कानाला दिवसाला सोसेल अशी मर्यादा 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. तुमच्या तालमीच्या त्या बंद खोलीत, झांजांच्या मधोमध बसून, तू किती वेळ वाजवतेस? मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उल्रिकने तरुणपणी कानात काही न घालता वाजवलं आणि त्याच्या कानात कायमची शीळ बसली, हे तो स्वतः सांगतो. माईंचं शेवटी काय झालं ते तू पाहिलंच आहेस. दार वाजलेलं ऐकू यायचं नाही, आणि रात्री मात्र "कोण गातंय?" म्हणून उठून बसायच्या.

झालं, सुरू झालं माझं प्रवचन. माफ कर. तू सव्वीस वर्षांची आहेस, साउंडचं शिकायला गेली आहेस, डेसिबल मी तुला सांगावेत हे हास्यास्पदच. पण तुझा उजवा कान फुटला होता, तेव्हा तीन वर्षांची होतीस. रात्रभर खांद्यावर. आडवी केली की किंचाळायचीस. पहाटे कापसाचा बोळा बदलताना तू माझ्या टकलावर दोन्ही हातांनी ठेका धरलास, आणि तो चुकत नव्हता! मी आईला उठवून दाखवला. तिने झोपेतच "बरं" म्हटलं. ही आत्ताची शीळ उजव्याच कानात आहे का? फोनवर तू सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

परवाचा व्हिडिओ विलासकाकांना दाखवला. त्यांनी आवाज बंद करून फक्त तुझे पाय बघितले, दोन पायांनी ती दुगुन चाललेली. म्हणाले, ही लय आपल्या घरात कुणाकडे नव्हती. माझ्याकडेही नव्हती, हे त्यांनी वेगळं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

तर कान तपासून घे. दोन दिवसांच्या वर शीळ राहिली तर तशीच अंगावर काढायची नसते. आणि कानाच्या मापाने करून घेतात ते इअरप्लग घे. त्यात सगळे सूर सारखेच कमी होतात, त्यामुळे झांज मुकी होत नाही. पैसे मी पाठवतो, वाद नको.

या अल्बमवरच्या 'द अनफर्गिव्हन थ्री'चे आधीचे दोन भाग 1991 आणि 1997च्या अल्बमवर आहेत. आधी ते ऐकू, की सरळ 1986च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'पासून सुरुवात करू? तू सांगशील त्या क्रमाने ऐकेन. तपासणीचा कागद हातात आला की लगेच फोटो पाठव, दोन्ही कानांचा.

तुझा,
बाबा