गायकी चालते, भाडेकरू चालत नाही
संपादक महोदय,
आमच्या सोसायटीत एक फ्लॅट रिकामा झाला, बघायला आलेलं जोडपं सगळ्यांना आवडलं, चहासुद्धा झाला, पण नाव मुसलमानी निघालं आणि लगेच ‘कळवतो’ म्हणून वाटेला लावलं. त्याच मीटिंगमध्ये नंतर आपल्या ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाच्या, म्हणजे संगीत महोत्सवाच्या गप्पा! अहो, तो होतो कुठे, सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारातच ना? ग्वाल्हेरचे गवई हस्सू खाँनी वासुदेवबुवा जोशींना शिकवलं, त्यांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना, अशी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात गेली हे आपण मराठी लोक कौतुकाने सांगतो (मीही सांगते). त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसले, बशीतली बिस्किटं उचलत राहिले, ते अजून टोचतंय. फ्लॅट रिकामाच आहे, पुढच्या मीटिंगला विषय काढणार आहे.
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर