चर्चमधला वजनकाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये चालणाऱ्या वजन कमी करण्याच्या वर्गांवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचून मला फार वाईट वाटले. ‘देवाच्या दारी डाएट’ हे शीर्षक ज्यांना सुचले, त्यांनी तो भाग पाहिलेला नसावा. मी तिथे नऊ वर्षे राहिले. खेड्यांत डॉक्टर मिळत नाहीत म्हणून परदेशी डॉक्टरांना व्हिसाच्या अटीवर तिकडे नेमतात, तशीच मीही गेले होते.

आरोग्याचे काम दवाखान्याने करावे, पास्टरने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, त्यात पडू नये, असे लेखक म्हणतात. दवाखान्यात मीच बसत होते, म्हणून सांगते. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक साठीच्या बाई माझ्याकडे मधुमेहासाठी यायच्या. वजन दोनशे साठ पौंड. दर भेटीला मी त्यांच्या हातात छापील कागद द्यायची: तळलेले टाळा, ताज्या भाज्या खा, रोज अर्धा तास चाला. तीन वर्षांनी एकदा त्यांनी पर्स उघडली आणि ते सगळे कागद नीट घडी घातलेले माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाल्या, “डॉक्टर, कुठं चालू ते सांगा.” घरासमोर हायवे, त्याला कडेला पाऊल टाकायलाही जागा नाही, वरून कापसाचे ट्रक आणि मोकाट कुत्री. ताजी भाजी मिळणारे दुकान पंचवीस मैलांवर. जगातली उत्तम काळी जमीन दाराशी, पण तीत कापूस आणि सोयाबीन. मला उत्तर देता आले नाही.

ते त्यांच्या चर्चने दिले. दर मंगळवारी संध्याकाळी पडद्यामागे वजन, आकडा फक्त ज्याचा त्याला. मग प्रार्थना, मग डब्यातल्या घेवड्यात मीठ किती हे लेबलावरून वाचायचे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चर्चच्या इमारतीभोवती फेऱ्या. कोलार्ड ही तिकडची पालेभाजी डुकराच्या खुराऐवजी धुरावलेल्या टर्कीच्या मानेवर शिजू लागली. अंत्यविधीनंतरच्या जेवणातही तीच. बाईंचे एका हिवाळ्यात चौदा पौंड उतरले. पुढच्या वर्षी सहा परत आले, हेही सांगते. पण वजन वाढलेल्या आठवड्यातही त्या वर्गाला गेल्या. माझ्याकडची भेट मात्र अशा वेळी हमखास चुकवायच्या.

हे एका बाईपुरते नाही. नॉर्थ कॅरोलायनात 1990 च्या दशकात दहा ग्रामीण काउंट्यांतली (जिल्ह्यांतली) पन्नास कृष्णवर्णीय चर्च घेऊन आहार सुधारण्याच्या अशाच उपक्रमाची चाचणी झाली. दोन वर्षांनी, उपक्रम राबवलेल्या चर्चमधल्या लोकांच्या ताटात बाकीच्या चर्चच्या तुलनेत दिवसाला जवळजवळ एक वाटा फळे-भाज्या जास्त होत्या. मिसिसिपीतल्या हर्नांडोचे पास्टर मायकेल मायनर यांनी तर चर्चच्या जेवणातून तळलेले चिकनच बंद केले. त्या भागात असा निर्णय घ्यायला धैर्य लागते. आणि हे वर्ग बहुधा ज्या अभ्यासक्रमावर बेततात, तो मधुमेह टाळण्याचा कार्यक्रम 3,234 लोकांवर तपासलेला आहे. त्याचे निष्कर्ष 2002 साली आले: सात टक्के वजन घटवण्याचे उद्दिष्ट, आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम आणि मधुमेहाचा धोका 58 टक्क्यांनी कमी. याला भाबडेपणा कसे म्हणता येईल?

डॉक्टरांवर विश्वास का नाही, असा प्रश्नही लेखात आहे. शेजारच्या अलाबामात, टस्कीगीला, 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे सरकारी डॉक्टरांनी शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग उपचाराविना नुसता पाहत ठेवला. माझ्या रुग्णांपैकी काहींचे वडील त्या वयाचे होते. माझ्या पांढऱ्या कोटाकडे हे रुग्ण कसे बघायचे, ते मी विसरलेले नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात तीन बायका आहेत, मानेपासून खाली. डोकी कापून पोटेच छापली आहेत. आपल्याकडच्या लठ्ठपणाच्या बातम्यांतही आपण हेच करता. माझ्या त्या रुग्णबाई रविवारी चर्चला जाताना जांभळी टोपी घालायच्या, आठवडाभर आधी ठरवून. फोटो काढायचा म्हटले असते तर त्यांनी तीच घातली असती. कृपया यापुढे माणसांचे फोटो त्यांना विचारून आणि चेहऱ्यासह छापावेत.

आपली,
एक निवृत्त डॉक्टर, सातारा